भिंतीआडची लहर

सुरतेतील अडाजणच्या एखाद्या इमारतीत संध्याकाळी आठ वाजता गेले, तर जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडात एक लहानसे बिनतारी प्रक्षेपक केंद्र चालू असलेले दिसेल. कोणी त्याला प्रक्षेपक म्हणत नाही. लोक त्याला राउटर म्हणतात, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात, किंवा नुसते वाय-फाय म्हणतात. टीव्हीच्या मागे ढकललेल्या या पेटीची आठवण घरच्यांना होते ती मागच्या खोलीत चित्र अडकते तेव्हाच. मग पेटी बंद करून पुन्हा चालू करावयाची, एवढी एकच विद्या सर्वांना ठाऊक असते. तिने गुण आला नाही, तर दोष कंपनीचा, असे म्हणून आपण मोकळे होतो.

वस्तुतः या पेटीचे दुखणे नवे नाही. बिनतारी विद्येचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी तिच्यातील बिघाडांचाच इतिहास होय. लहरीला भिंत आडवी येते, लहरींची गर्दी होते, पत्त्यांचा घोळ होतो आणि दार उघडे राहते. घरातल्या तक्रारींपैकी बहुतेक या चारांत येतात, आणि त्यांपैकी बहुतेकांशी कोणी ना कोणी आपल्याआधी झुंजलेले आहे. तेव्हा आज या पेटीकडे इतिहासाच्या वाटेने जाऊ.

पहिली गोष्ट भिंतीची. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी एक प्रयोग करून दाखविला. मध्ये भिंती असताना त्यांनी दूर अंतरावरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. या बोसांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली ती कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील जेझुइट शिक्षक फादर यूजीन लाफाँ यांनी. शिक्षकाने वर्गात केलेला प्रयोग कोठवर पोहोचतो, याचे हे एक उदाहरण आहे. पुढे मार्कोनीने सागर ओलांडण्यासाठी लांब लहरी घेतल्या. बोसांनी मात्र काही मिलिमीटर लांबीच्या आखूड लहरींचा अभ्यास केला. सेकंदाला सहा हजार कोटी आंदोलने करणाऱ्या त्यांच्या लहरी काळाच्या इतक्या पुढे होत्या, की त्या पट्ट्यात वाय-फायची यंत्रे निघावयास एकविसावे शतक उजाडले.

लहर जितकी आखूड, तितकी ती एका श्वासात अधिक मजकूर नेऊ शकते. परंतु अडथळ्यापुढे लवकर थकते. आपल्या घरातील पेटी सामान्यतः दोन पट्टे वापरते. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. त्यातील लहर याच्या निम्म्याहूनही आखूड. पहिली दूर जाते पण सावकाश चालते. दुसरी चपळ, परंतु दोन भिंतींत तिचा जीव अर्धा होतो. शिवाय मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले, की हाती येणारी शक्ती चौथाई उरते.

गोपीपुऱ्यातील जुन्या लाकडी घराच्या भिंतीतून लहर त्या मानाने सहज निसटते. नव्या इमारतीत लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट असते, आणि तेच तिला अडविते. लोखंडी कपाट व मोठा आरसा तिला परतवून लावतात. पाण्याची टाकी किंवा माशांची पेटी तिला पिऊन टाकते. म्हणून पेटी कपाटात कोंडू नये, जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ती असावी. सुरतेतील बहुतेक घरांत मात्र तार दिवाणखान्यातून येते म्हणून पेटी दिवाणखान्यातच राहते, आणि मुलांचा अभ्यास मागल्या खोलीत चालतो. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्गच या लहरींवरून भरू लागले, तेव्हा या एका भिंतीमुळे कित्येक मुलांच्या कानी निम्मा धडा पडला, निम्मा पडला नाही. पेटी पाचदहा हात सरकविणे हे तेव्हा शिक्षणाचे काम होते.

दुसरी गोष्ट गर्दीची, आणि तिच्यात सुरत जिल्ह्याचा मोठा मान आहे. या जिल्ह्यातील सरस गावी २५ मार्च १९२० रोजी उषा मेहता यांचा जन्म झाला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला, नेते पकडले गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने मूठभर सहकाऱ्यांसह मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला. त्याची लहर ४२.३४ मीटर लांबीची होती. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. सरकारी यंत्रणेने त्या लहरीत खरखर मिसळून ती बुजविण्याचा प्रयत्न केला. लहरीचा उगम शोधणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत होत्या. त्यांना चकविण्यासाठी ही मंडळी प्रक्षेपक घेऊन एका जागेहून दुसऱ्या जागी हलत राहिली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ती पकडली गेली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ साली त्या येरवड्याहून सुटल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

योगायोग पाहा. त्याच ऑगस्ट १९४२ च्या ११ तारखेला अमेरिकेत व्हिएन्नाची चित्रतारका हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एक पेटंट मिळाले. शत्रूने लहर बुजवू नये म्हणून प्रक्षेपकाने आणि ग्राहकाने एकाच वेळी एका कंप्रतेवरून दुसरीवर उड्या घेत जावे, अशी ती युक्ती होती. मुंबईत माणसे जागा बदलीत होती. तिकडे लहरीलाच जागा बदलावयास शिकविले जात होते. १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले, तेव्हा त्यातील एक पद्धत या उड्यांचीच होती. आजचे वाय-फाय उड्या घेत नाही, पण कानात घालावयाची ब्लूटूथ यंत्रे अजूनही घेतात.

आज आपली लहर कोणी शत्रू बुजवीत नाही. ती बुजविली जाते शेजाऱ्याच्या लहरीने, आणि त्याची आपल्या लहरीने. हा घोळ प्रथम नीट अभ्यासला गेला तो हवाई बेटांवर. जून १९७१ मध्ये तेथील विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रामसन यांनी निरनिराळ्या बेटांवरील माणसे एका संगणकाशी बिनतारी जोडली. सर्वांसाठी मार्ग एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाई. मग प्रत्येकाने मनास येईल तितके थांबून पुन्हा बोलावे, असा नियम होता. हिशेब केला तेव्हा दिसून आले, की अशा मोकाट बोलण्यात मार्गाचा शेकडा १८ हून अधिक उपयोग होऊच शकत नाही. म्हणून वाय-फायला पुढे एक शिस्त लावली गेली: आधी ऐकावे, मार्ग मोकळा असेल तरच बोलावे. अर्थात ज्या इमारतीत तीस पेट्या एकाच मार्गावर आहेत, तेथे प्रत्येकीचा वेळ बोलण्यापेक्षा थांबण्यातच जातो. संध्याकाळी आठ वाजता चित्र अडकते, पहाटे पाचला अडकत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, असे पेटीच्या पडद्यावर दिसते. परंतु लगतच्या दोन चॅनेलांत अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ, आणि एका बोलण्याला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून एकमेकांना न घासणारे मार्ग तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजारचा ६ वर असेल, तर आपण १ किंवा ११ घ्यावा. ७ किंवा ८ घेऊन दोघांचेही नुकसान करू नये. मायक्रोवेव्ह चूलही याच पट्ट्यात काम करते. दूध तापवताना बोलणे तुटत असेल तर ती चूल पेटीजवळ आहे, असे समजावे. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मार्ग पुष्कळ आहेत. ज्या खोलीत पेटी आहे, तेथील यंत्रांना त्या पट्ट्यावर घातले, की २.४ वरची दाटी कमी होते.

ही गर्दी स्वातंत्र्याच्या पोटी जन्मली, हेही ध्यानात घ्यावे. एके काळी आपल्याकडे घरी रेडिओ नुसता ऐकण्यासाठीसुद्धा दरसाल पोस्टात जाऊन परवाना घ्यावा लागे. १९८५ साली अमेरिकेने काही पट्टे अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यावाचून मोकळे केले, त्यातूनच वाय-फाय निघाले. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तसा मोकळा केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झवरील मुभा वाढविली. १९३३ चा तो कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा संमत झाला. ज्या गोष्टीसाठी सरसची मुलगी तुरुंगात गेली, तिची धाकटी बहीण आज घरोघर दिवा लुकलुकवीत बसली आहे. हा पट्टा गावच्या पाणवठ्यासारखा आहे. कोणालाही मज्जाव नाही. म्हणूनच प्रत्येकाने बेताने घ्यावे.

आता बिघाड शोधण्याच्या रीतीविषयी. उधना, लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली हजारो माणसे मागावर काम करतात. माग थांबला की जाणता कारागीर सारा माग खोलीत नाही. तो आधी पाहतो, धागा तुटला तो ताण्याचा की बाण्याचा. येथेही पहिला प्रश्न तोच: दोष तारेत आहे की हवेत? एक संगणक तारेने थेट पेटीला जोडून पाहावा. तारेवरही वेग मंद असेल, तर भिंतींना आणि चॅनेलना दोष देण्यात अर्थ नाही. दोष बाहेरच्या जोडणीत किंवा खुद्द पेटीत आहे. तारेवर ठीक आणि हवेत मंद, तर दोष घरात आहे. मग पेटीसमोर उभे राहून पाहावे, नंतर एक भिंत मध्ये घ्यावी, नंतर दोन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झाले ते कागदावर टिपावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

घर मोठे असेल तर एका पेटीने भागत नाही. अशा वेळी लोक रिपीटर आणतात. तो पेटीचे बोलणे ऐकून तेच पुढे बोलतो. म्हणजे एकाच हवेत एकच मजकूर दोनदा जातो, आणि साध्या रिपीटरचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. त्यापेक्षा मागल्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसविणे केव्हाही श्रेयस्कर. दोघांचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवावा, चॅनेल मात्र वेगळे.

येथेच तिसरा दोष, पत्त्यांचा घोळ, डोके वर काढतो. घरातला जुना राउटर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, तर तोही पहिल्यासारखा घरातील यंत्रांना पत्ते वाटू लागतो. एका गल्लीत दोन टपाल कचेऱ्यांनी घरांना निरनिराळे क्रमांक दिले, तर पत्रांचे जे होईल तेच येथे होते. लहर भरपूर दिसते, पण काही उघडत नाही. किंवा काही यंत्रे चालतात, काही चालत नाहीत. उपाय सोपा आहे. जुन्या राउटरमधील पत्ते वाटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात, ती बंद करावी. त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून वेगळा ठेवावा. आणि तार बाहेरच्या जोडणीच्या खोबणीत न घालता घरच्या यंत्रांसाठी असलेल्या खोबणीत घालावी.

राहिले उघडे दार. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, आणि त्याच आठवड्यात सुरतेत वराछा व इतर भागांत अनेक न फुटलेले बॉम्ब सापडले. त्या दिवसांतील भय सुरतकर विसरलेले नाहीत. अहमदाबादच्या स्फोटांआधी मिनिटे असताना धमकीचा जो ई-मेल आला, तो नवी मुंबईतील एका घराच्या वाय-फायवरून गेला होता. पेटीला कुलूप नव्हते; घरच्या माणसाला पत्ताही नव्हता, आणि पोलीस प्रथम त्याच्याच दारी आले. लहर भिंतीपाशी थांबत नाही, हे आपण मागच्या खोलीसाठी रडताना म्हणतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठीही ते तितकेच खरे आहे. वेप नावाची कुलपाची पहिली पद्धत २००१ सालीच कच्ची ठरली. आज पेटीत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे, परवलीचा शब्द लांब ठेवावा, आणि पेटीबरोबर आलेला तिच्या व्यवस्थेचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

श्रोतेहो, परवाना घ्यावा लागत होता तेव्हा लहरीची चिंता सरकार वाहत होते. परवाना गेला, चिंता घरात आली. पेटी कोठे ठेवावी, कोणता मार्ग घ्यावा, दार कसे लावावे, हे ज्याने एकदा समजून घेतले, त्याच्या मागल्या खोलीतील मुलाला धडा पुरा ऐकू येतो, आणि शेजारच्या मुलालाही.