ज्यूरीचा रोज

अमेरिकेतल्या कायद्यावरचा मजकूर मराठीत आणताना ‘ज्यूरी ड्यूटी’पाशी अडायला होतं. ‘पंच’ लिहावं तर वाचकाला पंचनाम्यावर सही करणारे दोघे आठवतात. तिथे १९७८च्या संघीय कायद्याने ज्यूरीवर गेलेल्या कायम नोकराला कामावरून काढायला बंदी घातली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर पहिल्या तीन दिवसांचा पगार मालकाने द्यायचा. ज्यूरी मुंबईतही होती, शंभराहून अधिक वर्षं. तिच्या बुडालेल्या रोजाचं काय होत होतं?

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार २१ ते ६० वयाच्या पुरुषांवर हे काम येई. सूट मिळालेल्यांची यादी अर्थात लांब होती. समन्स मिळूनही जो येणार नाही, त्याला सत्र न्यायालय शंभर रुपयांपर्यंत दंड करू शके. कलम ३२९ मला विशेष बोलकं वाटतं. सरकारी किंवा रेल्वे कंपनीच्या नोकराविषयी कचेरीच्या प्रमुखाने कळवलं, की हा गेला तर लोकांची गैरसोय होईल, तर न्यायालय त्याला मोकळं करू शके. कामाचा खोळंबा कायद्याला दिसत होता. माणसाचा पगार नाही. खर्च देण्याची तरतूद कलम ५४४ मध्ये होती, पण ती फिर्यादी आणि साक्षीदारांसाठी. ज्यूररचं नाव तिथे नाही.

मग ज्यूरीत बसे कोण? १९०८ साली टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने खास ज्यूरी मागितली. खास ज्यूरीची यादी करताना मालमत्ता आणि शिक्षण पाहिलं जाई. लेख मराठीत आहेत, ते ज्यांना वाचता येत नाहीत त्यांनी निवाडा कसा करायचा, अशी टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टांनी हरकत घेतली. ती फेटाळली गेली. नऊजणांत सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. ‘केसरी’ त्यांच्यापुढे आला तो सरकारी भाषांतरातून, आणि त्या भाषांतरातल्या चुका दाखवण्यात टिळकांच्या बचावाचा बराच वेळ गेला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल लागला. शिक्षा सहा वर्षं काळ्या पाण्याची. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांत संप सुरू झाला आणि सहा दिवस चालला. ज्यांना त्या लेखांसाठी भाषांतर लागलं नसतं, असे कितीतरी लोक न्यायालयाबाहेर आपली मजुरी सोडून बसले होते.

ज्यूरी नानावटी खटल्याने बुडाली असं आपण सांगतो. खरं तर त्या खटल्याच्या आधीच, १९५८ साली, विधी आयोगाने ती बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३च्या संहितेत तिला जागाच उरली नाही. पारशी विवाह न्यायालयात मात्र न्यायाधीशाबरोबर प्रतिनिधी अजून बसतात.

मी राहते त्या दिल्लीच्या परिसरात मतदानाच्या दिवशी कारखाने-दुकानांना पगारी सुट्टी द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब मध्ये रोजंदारीवाल्याचाही विचार आहे: एरवी त्या दिवसाचे पैसे मिळाले नसते, तरी ते द्यायचे. नागरिकाच्या कर्तव्याची मजुरीशी सांगड आपल्या कायद्याला घालता येते ती अशी. पण झडतीच्या वेळी पोलीस वस्तीतल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावतात, लेखी आदेश असूनही विनाकारण नकार देणं गुन्हा ठरतं, आणि त्या कलमात त्यांच्या रोजाबद्दल एक शब्द नाही.