एका शर्करेची उणीव : बॉम्बे रक्तगट आणि पेशीतील विकरांचे काम

रक्तपेढीत आलेल्या रुग्णाच्या रक्तात ‘ए’विरोधी द्रव टाकला जातो, तांबड्या पेशी पुंजके धरत नाहीत. ‘बी’विरोधी द्रव टाकला जातो, तरीही काही घडत नाही. कागदावर ‘ओ’ अशी नोंद होते. मात्र रक्त चढवण्यापूर्वीच्या जुळणीत ‘ओ’ गटाची पहिली पिशवी जुळत नाही, दुसरीही जुळत नाही, आणि पेढीतील एकही पिशवी जुळेनाशी होते. अनुभवी तंत्रज्ञाला अशा वेळी एकच शंका येते : हा रुग्ण बॉम्बे रक्तगटाचा तर नव्हे? ही जुळणी घाईगर्दीत टाळून सरळ ‘ओ’ रक्त चढवले गेले, तर रुग्णाच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या पेशी फोडू लागतात आणि प्रसंग जिवावर बेततो.

या रुग्णात आणि इतरांत फरक असतो तो अगदी लहान. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर फ्युकोज नावाची एक साधी शर्करा जोडणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याच्याकडे काम करीत नाही. एवढ्या एका उणिवेमुळे त्याला कोट्यवधी लोकांचे रक्त परके ठरते. ते कसे, हे समजून घ्यायचे तर सजीव पेशी कर्बोदके कशी बांधते ते आधी पाहावे लागते.

साचा नसलेली बांधणी

कर्बोदके म्हटली की भात, भाकरी आणि साखर डोळ्यांसमोर येते. शरीराचे इंधन म्हणून त्यांचे महत्त्व आहेच. यकृत आणि स्नायू ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे तोडतात. या साठवणीची व मोडतोडीची प्रक्रिया उलगडल्याबद्दल कार्ल आणि गर्टी कोरी या दाम्पत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पेशीतील शर्करांचे काम इंधनापुरते मर्यादित नाही. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाह्य पृष्ठभागावर शर्करांच्या लहानमोठ्या, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात. आपले कोण आणि परके कोण याची ओळख पुष्कळदा याच साखळ्यांवरून पटते.

प्रथिनांची गोष्ट सरळ आहे. जनुकात अक्षरांचा क्रम असतो आणि त्या क्रमाबरहुकूम अमिनो आम्ले ओवली जातात. शर्करांच्या साखळीला असा साचाच नसतो. डीएनएमध्ये कोठेही ‘आधी गॅलॅक्टोज, मग फ्युकोज’ असे लिहिलेले नाही. तेथे लिहिलेली असते ती विकरांची कृती. प्रत्येक विकर एक ठरावीक शर्करा, ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने जोडते आणि त्याचे काम तेथेच संपते. पुढचे विकर त्या नव्या टोकाला ओळखते आणि आपली शर्करा जोडते. माणसाच्या शरीरात अशी जोडणी करणारी दोनशेहून अधिक विकरे आहेत. त्यांना ग्लायकोसिलट्रान्स्फरेज म्हणतात. त्यांपैकी बहुतेक पेशीतील गॉल्गी संकुलात आपापल्या जागी बसलेली असतात. एखाद्या कारखान्यातील कामगारांप्रमाणे तयार होत असलेला माल त्यांच्यासमोरून सरकत जातो.

मोकळी शर्करा मात्र या विकरांना चालत नाही. ती आधी ‘सक्रिय’ करावी लागते, म्हणजे तिला यूडीपी किंवा जीडीपी अशा न्यूक्लिओटाइडची मूठ बसवावी लागते. या जोडबंधात ऊर्जा साठलेली असते. विकर मूठ धरते, शर्करा साखळीवर बसवते आणि रिकामी मूठ सोडून देते. शर्करेची ही वाहतूक अर्जेंटिनाचे लुई लेलॉयर यांनी शोधून काढली व त्यासाठी त्यांना १९७० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेली ही माहिती त्या काळी सर्वस्वी नवी होती.

ए, बी आणि ओ म्हणजे काय?

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये माणसांच्या रक्ताचे तीन गट दाखवून दिले. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. लँडस्टायनर यांना १९३० मध्ये नोबेल मिळाले. परंतु हे गट नेमके कशाचे बनलेले आहेत, हे कळण्यास आणखी काही दशके जावी लागली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी केलेल्या कामातून स्पष्ट झाले, की रक्तगटाची ओळख शर्करांमध्ये दडलेली आहे.

तांबड्या पेशीवरील साखळीच्या टोकाशी गॅलॅक्टोज असते. त्यावर एक विकर फ्युकोज बसवते. फ्युकोज बसलेल्या या टोकाला ‘एच’ प्रतिजन म्हणतात. ‘ओ’ गटाच्या व्यक्तीत बांधणी येथेच थांबते. ‘ए’ गटाच्या व्यक्तीकडे आणखी एक विकर असते. ते त्याच गॅलॅक्टोजवर एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसअमाइन ही शर्करा चढवते. ‘बी’ गटाचे विकर तेथे साधे गॅलॅक्टोज चढवते. ‘एबी’ गटात दोन्ही विकरे असतात. एकेका तांबड्या पेशीवर अशी टोके दहा लाखांच्या घरात असतात.

‘ए’ आणि ‘बी’ यांची विकरे जवळजवळ जुळी आहेत. दोन्हींत ३५४ अमिनो आम्ले असतात आणि त्यांत फरक केवळ चार ठिकाणी असतो. २६६ आणि २६८ या क्रमांकांच्या दोन जागा त्यांत निर्णायक ठरतात. ‘बी’ विकराच्या त्या जागी किंचित मोठी अमिनो आम्ले असल्याने शर्करेचा कप्पा आखूड होतो, आणि अंगावर जास्तीचा अॅसिटिल गट बाळगणारी ‘ए’ची शर्करा त्यात नीट मावत नाही. क्वचित एखाद्या कुटुंबात दोन्ही शर्करा जोडू शकणारे मिश्र विकर सापडते आणि मग ए व बी एकाच जनुकातून वारशाने येतात. ‘ओ’ गटाचे गूढ तर त्याहून साधे निघाले. फुमिइचिरो यामामोतो आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की नेहमीच्या ‘ओ’ जनुकात २६१ व्या स्थानावरील एकच अक्षर गळालेले असते. त्यामुळे पुढचे सारे वाचन बिघडते आणि अर्धवट, निरुपयोगी प्रथिन तयार होते.

परळ येथील शोध

मुंबईच्या परळ भागातील सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना काही व्यक्तींच्या रक्तात विलक्षण विसंगती आढळली. त्या पेशी ‘ओ’प्रमाणे वागत होत्या, पण त्यांचे रक्तद्रव ‘ओ’ पेशींनाही विरोध करीत होते. लंडनमधील रॉबर्ट रेस, रूथ सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा संक्षिप्त लेख १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शहराचे तेव्हाचे नाव रक्तगटाला चिकटले ते कायमचेच. १९९५ मध्ये बॉम्बेची मुंबई झाली तरी वैद्यकशास्त्रात ते नाव बदललेले नाही.

या व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’च नसते. फ्युकोज जोडणाऱ्या विकराचे जनुक, ज्याला एफयूटी १ म्हणतात, ते १९ व्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी असाव्या लागतात. भारतात आढळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात ७२५ व्या स्थानावरील एक अक्षर बदललेले असते व त्यामुळे विकरातील २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते. शेजारीच असलेले, लाळ व अन्य स्रावांत हेच काम करणारे एफयूटी २ हे जनुकही या लोकांत गळालेले असते. त्यामुळे ‘एच’ रक्तातही नाही आणि लाळेतही नाही.

गंमत अशी, की ‘ए’ किंवा ‘बी’चे विकर या व्यक्तींकडे अनेकदा अगदी धडधाकट असते. त्याच्या शर्करेचा साठाही भरपूर असतो. परंतु हे विकर फ्युकोज बसलेले टोकच ओळखते. ज्या खुंटीवर अंगरखा टांगायचा ती खुंटीच भिंतीत नाही, अशी त्याची अवस्था होते. ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ तिन्ही शरीराला अनोळखी असल्याने तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण भारतात साधारणतः दहा हजारांत एक असे सांगितले जाते. युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे. दोन्ही निकामी प्रती एकत्र येण्याची शक्यता जवळच्या नात्यातील विवाहांत वाढते.

एरवी या लोकांची प्रकृती उत्तम असते. रक्त घेण्याची वेळ येईपर्यंत अनेकांना आपल्या वेगळेपणाचा पत्ताही नसतो.

कुटुंबातील संशय

रक्तगटाच्या साध्या तक्त्याने एखाद्या घरात किती अनर्थ होऊ शकतो, हेही या गटाने दाखवून दिले. आई ‘ओ’ गटाची असेल तर मूल ‘एबी’ गटाचे असू शकत नाही, असे शाळेच्या पुस्तकात शिकवले जाते. अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील आईची नोंद ‘ओ’ दिसत होती, तरी तिच्याकडून मुलीला ‘बी’ मिळालेला होता. आईत ‘बी’चे जनुक होतेच, पण ‘एच’ नसल्याने ते झाकलेले राहिले. मुलीला वडिलांकडून ‘एच’चे चांगले जनुक मिळाले आणि ‘बी’ उघड झाला. ‘एबीओ’चे जनुक ९ व्या गुणसूत्रावर आणि ‘एच’चे १९ व्या गुणसूत्रावर, अशी दोन स्वतंत्र जनुके मिळून एक रक्तगट घडवतात. त्यामुळे केवळ रक्तगटाच्या कागदावरून पितृत्वाबद्दल किंवा मातृत्वाबद्दल निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरू शकते.

कच्चा मालच पोहोचला नाही तर?

१९९२ मध्ये इस्रायलमधील दोन मुलांचे एक विलक्षण प्रकरण नोंदले गेले. वारंवार जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ आणि मतिमंदत्व अशी लक्षणे असलेल्या या मुलांचा रक्तगटही बॉम्बेच निघाला. त्यांच्यात दोष मात्र जोडणाऱ्या विकरात नव्हता. सक्रिय फ्युकोजला गॉल्गी संकुलात नेणारे वाहक प्रथिन बिघडलेले होते, हे २००१ मध्ये उघड झाले. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? तेथे फ्युकोज पोहोचत नसल्याने ते लागणारी सारी कामे अडली. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून संसर्गाच्या जागी उतरता येत नव्हते, कारण ती पकडही फ्युकोजयुक्त शर्करांवरच अवलंबून असते. अशा काही रुग्णांना तोंडाने फ्युकोज दिल्यावर सुधारणा दिसली. नेहमीच्या बॉम्बे रक्तगटात मात्र फ्युकोज कितीही दिले तरी उपयोग नाही. माल आहे, जोडणारा नाही.

ओळख पटवावी कशी?

उपाय साधा आहे. पेशी तपासल्यावर रुग्णाचे रक्तद्रव ज्ञात ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ पेशींबरोबरही तपासावे. खरा ‘ओ’ रुग्ण ‘ओ’ पेशींना विरोध करीत नाही, बॉम्बे गटाचा करतो. युरोपातील युलेक्स या काटेरी झुडुपाच्या बियांतून मिळणारे एक प्रथिन ‘एच’ला चिकटते. त्या द्रवाने ‘ओ’ पेशींचे पुंजके होतात, बॉम्बे पेशी तशाच मोकळ्या राहतात. एवढ्या दोन पायऱ्या वगळणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय.

शर्करा उतरवणारी विकरे

जोडणारी विकरे आहेत तशी तोडणारीही आहेत. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमधील जॅक गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हिरव्या कॉफीच्या बियांतील विकर वापरून ‘बी’ पेशींवरील टोकाचे गॅलॅक्टोज उतरवले आणि त्यांना ‘ओ’ बनवले. अशा पेशी माणसांना देऊनही पाहण्यात आल्या. अडचण होती ती विकर फार मोठ्या प्रमाणात लागण्याची. हेन्रिक क्लाउसेन यांच्या गटाने २००७ मध्ये जिवाणूंपासून अधिक कार्यक्षम विकरे मिळवली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१९ मध्ये आतड्यातील एका जिवाणूची दोन विकरांची जोडी सापडली. ती ‘ए’ची शर्करा दोन टप्प्यांत काढते. डेन्मार्क आणि स्वीडनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये अक्करमॅन्सिया या जिवाणूची विकरे वापरून ‘ए’ व ‘बी’ यांच्या लांब वाढलेल्या साखळ्याही कापता येतात हे दाखवले. आतड्याच्या श्लेष्मातील शर्करांवर पोट भरणाऱ्या जिवाणूंकडे अशी हत्यारे असावीत, यात नवल नाही. तथापि हे रक्त अद्याप रुग्णालयांच्या नेहमीच्या वापरात आलेले नाही.

आणि ते आले तरी बॉम्बे गटाच्या रुग्णाला त्याचा थेट लाभ होणार नाही. ही सारी विकरे रक्ताला ‘ओ’पर्यंत नेतात, म्हणजे ‘एच’ तसाच ठेवतात. या रुग्णासाठी आणखी एक पायरी उतरून फ्युकोजही काढावे लागेल.

तोपर्यंत आधार आहे तो त्याच गटाच्या दात्यांचा. भावंडांपैकी एखादे त्याच गटाचे निघण्याची शक्यता चारांत एक असल्याने पहिला शोध घरातच घेतला जातो. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचे रक्त आधी काढून ठेवता येते. साध्या शीतपेटीत तांबड्या पेशी सहा आठवड्यांपर्यंतच टिकतात. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंशांखाली गोठवल्या तर मात्र त्या दहा वर्षे ठेवता येतात.