पहिल्या घोटानंतरचे तास

17 जून 2015, बुधवार. मालाड पश्चिमेला मालवणीतली लक्ष्मीनगर वस्ती. इथली गावठी दारू पिऊन शंभरावर माणसे दगावली. जगले त्यांतल्या कित्येकांचे डोळे गेले. दारूत मिथेनॉल होते. हे विष झटक्यात मारत नाही, सवड देते. घड्याळ प्रत्येकाच्या घोटापासून सुरू होते. किती प्यायला, सोबत काय प्यायला, यावर काटा मागेपुढे होतो, क्रम मात्र तोच राहतो.

घोटाच्या आधी

मिथेनॉल हा रंग, थिनर, रेझिनच्या कारखान्यांचा कच्चा माल. पाण्यासारखा नितळ, वासाला दारूच्या जवळचा आणि पिण्याच्या दारूपेक्षा कितीतरी स्वस्त. मालवणीतला माल गुजरातेतून आल्याचे पोलीस तपासात पुढे आले. अशा वेळी ‘भट्टी बिघडली’ असे सर्रास म्हटले जाते. पण गुळाच्या किंवा मोहाच्या भट्टीत इतके मिथेनॉल तयारच होत नाही. ते ड्रममधून येते आणि कुणीतरी ते हाताने ओतते.

पहिला तास

दिवसभर राबून आलेली माणसे गुत्त्यावर टेकतात. थैली फुटते, पेला भरतो. मिथेनॉल चढते, पण नेहमीच्या दारूपेक्षा कमी. ‘आज माल पातळ आहे’ म्हणत आणखी एक पेला घेतला जातो. शुद्ध मिथेनॉलचे 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, नजर घालवायला पुरतात. 30 मिलिलिटरने जीवही जाऊ शकतो.

सहावा तास

वरून काहीच दिसत नाही. माणूस घोरतो आहे आणि यकृत कामाला लागले आहे. तिथले एक विकर मिथेनॉलचे फॉर्मल्डिहाइड करते आणि पुढे त्याचे फॉर्मिक आम्ल होते. खरे विष ते. गंमत अशी की या विकराची ओढ साध्या दारूकडे, म्हणजे इथेनॉलकडे, अधिक. दोन्ही पोटात असतील तर ते आधी इथेनॉल निपटते आणि मिथेनॉल रांगेत थांबते. म्हणून भेसळीत खरी दारू जास्त असली की लक्षणे आणखी लांबतात आणि माणूस आणखी गाफील राहतो. उपचारही याच रांगेवर बेतलेला आहे: फोमेपिझोल हे औषध किंवा मोजूनमापून दिलेले इथेनॉल विकराला अडवून धरते. तोवर मिथेनॉल शरीराबाहेर काढता येते. वाचवायला याहून चांगली वेळ नाही. पण ठणठणीत माणूस दवाखान्यात जाईल कशाला?

बारावा तास

गुरुवारची सकाळ. डोके ठणकते, मळमळते, पोटात कळा येतात. घरच्यांना यात नवे काही वाटत नाही. रात्रीची उतरली नाही एवढेच. लिंबूपाणी पाजून त्याला पुन्हा निजवतात. एखादा उतारा म्हणून कालच्याच थैलीतला उरलेला घोट घेतो. वस्तीत याच दिवशी माणसे मरू लागली होती.

अठरावा तास

आता नजर जाते. डोळ्यांपुढे पांढरे धुके दाटते. भरदिवसा माणूस विचारतो, ‘लाईट गेली का?’ फॉर्मिक आम्लामुळे पेशींना प्राणवायू वापरता येत नाही आणि दृष्टीच्या नसेला त्याचा फटका आधी बसतो. रक्तातले आम्ल वाढते तसा श्वास खोल आणि भराभर चालू लागतो. दवाखान्याकडे धावायचे, तर पाय अडखळतात: दारू बेकायदा, पोलीस केस होईल, विचारतील कुठे प्यायलास.

चोविसावा तास

कांदिवलीच्या शताब्दीसारख्या पालिका रुग्णालयांत रुग्ण येऊ लागतात. सोडियम बायकार्बोनेटने आम्ल मारायचे आणि डायलिसिसने रक्त धुवायचे. पण एकाच वस्तीतली इतकी माणसे एकदम आली की यंत्रे पुरत नाहीत. शिवाय उशिरा आलेल्याच्या रक्तातले मिथेनॉल काढता येते. जळालेली नस परत मिळत नाही.

अठ्ठेचाळिसावा तास

शुक्रवारी, 19 जूनला, मुंबईवर असा पाऊस कोसळला की लोकल बंद पडल्या. शहर तुंबलेले आणि मृतांचा आकडा तासागणिक वाढता. पोलिसांनी धरपकड सुरू केली. आठ पोलीस कर्मचारी निलंबित झाले. सोमवारी, 22 तारखेला, आकडा शंभराच्या पुढे गेला.

नऊ वर्षांनंतर

2024 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली; दहा जण सुटले. मालवणीच्या आधी 2004 मध्ये विक्रोळीत हेच घडले होते. नंतर मध्य प्रदेशात 2020 मध्ये उज्जैनला आणि 2021 च्या जानेवारीत मुरैनाला विषारी दारूने बळी घेतले. त्याच वर्षी त्या राज्याने कायदा फाशीच्या तरतुदीपर्यंत कडक केला.

कायदा विक्रेत्याला गाठतो तो मेल्यांचे पंचनामे झाल्यावर. वाचवायचे तर मधल्या तासांतच. मध्य प्रदेशातल्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीसारख्या सीमेवरच्या गावात हे तास आणखी तोकडे. गाडी शोधण्यात नि डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठण्यात त्यातले काही खर्ची पडणारच. म्हणून पहिला आजारी माणूस हा एकट्याचा प्रश्न समजू नये. एकाला दिसेनासे झाले, की त्याच्यासोबत त्याच मालातले प्यालेल्या प्रत्येकाला, तो कितीही धडधाकट दिसो, लगेच रुग्णालयात हलवायचे आणि डॉक्टरला दारूचे नाव न लाजता सांगायचे. सरपंच, आशाताई, पोलीसपाटील यांनी त्याच घटकेला गावभर हाकाटी करावी. आणि पोलिसांनी पिणाऱ्याचा जबाब घ्यायची घाई करू नये. गुन्हा उद्याही नोंदवता येतो.