पीअरिंग (आंतरजाल)

पीअरिंग म्हणजे दोन स्वतंत्र आंतरजाल पुरवठादारांनी आपापल्या ग्राहकांच्या रहदारीची एकमेकांशी थेट, आणि बहुधा कोणताही मोबदला न घेता, देवाणघेवाण करण्याची व्यवस्था होय. आंतरजाल हे एकसंध जाळे नाही. सेवापुरवठादार, विद्यापीठे, बँका, चित्रपट व मजकूर पुरवणाऱ्या कंपन्या अशांची सत्तर हजारांहून अधिक जाळी परस्परांना जोडून ते बनले आहे. यांतील प्रत्येक जाळ्यास ‘स्वायत्त प्रणाली’ म्हणतात व तिला स्वतःचा क्रमांक असतो. या प्रणालींनी एकमेकांशी जोडून घ्यावे असे सांगणारी कोणतीही जागतिक सत्ता नाही. कोण कोणाशी जोडले जाणार आणि त्यासाठी पैसे कोणी मोजायचे, हे त्या दोघांनीच ठरवायचे असते.

‘पीअर’ या शब्दाचा अर्थ बरोबरीचा. ग्रामीण महाराष्ट्रातील सावडीशी या व्यवस्थेचे साम्य दिसते. दोन शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात, मजुरी कोणी कोणाला देत नाही आणि कागदही होत नाही. दोघांची गरज साधारण सारखी असेपर्यंत सावड टिकते. पीअरिंगचेही तसेच आहे.

जोडणीचे प्रकार

दोन जाळ्यांमधील संबंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ट्रान्झिटचा. यात एक जाळे ग्राहक असते व दुसरे विक्रेता. विक्रेता पैसे घेऊन ग्राहकाला संपूर्ण आंतरजालापर्यंत पोहोचवून देतो. ट्रान्झिटचे देयक ठरवण्याची रूढ पद्धत अशी : दर पाच मिनिटांनी वापराची नोंद घेतली जाते, महिन्याच्या सर्व नोंदी उतरत्या क्रमाने लावून वरच्या पाच टक्के वगळल्या जातात आणि त्यांखालची सर्वोच्च नोंद आकारणीसाठी धरली जाते. त्यामुळे एखाद्या दिवशी अल्पकाळ वाढलेल्या वापराचा भुर्दंड ग्राहकावर पडत नाही.

दुसरा प्रकार पीअरिंगचा. यात संपूर्ण आंतरजाल मिळत नाही. मिळतात ते फक्त समोरच्या जाळ्याचे स्वतःचे व त्याच्या ग्राहकांचे पत्ते. देणेघेणे नसले तरी खर्च शून्य नसतो. संगमस्थळापर्यंतची वाहिनी, तेथील जागा आणि उपकरणे यांचा भार प्रत्येकाने आपापला उचलायचा असतो. हा भार वाचलेल्या ट्रान्झिटच्या रकमेहून कमी असेल तरच पीअरिंग परवडते. एका बाजूने ठरावीक शुल्क देऊन केलेल्या अशाच जोडणीला सशुल्क पीअरिंग म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ती पीअरिंगच असते, पण बरोबरीचे नाते तेथे उरत नाही.

मोठी रहदारी असलेली दोन जाळी एकाच डेटा सेंटरमध्ये थेट केबल टाकून खासगी जोडणी करतात. इतरांसाठी आंतरजाल देवाणघेवाण केंद्रे असतात. अशा केंद्रात एक सामाईक स्विच असतो, प्रत्येक सभासद त्याला एकदाच जोडला जातो आणि त्या एका जोडणीवरून शेकडो सभासदांशी पीअरिंग करू शकतो. बहुतेक केंद्रे पोर्टचे भाडे घेतात, वाहून नेलेल्या रहदारीवर आकार लावत नाहीत.

मार्गांची घोषणा

आपल्याकडून कोणत्या पत्त्यांपर्यंत पोहोचता येते हे जाळी एकमेकांना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी, या नियमावलीद्वारे कळवतात. तिचा पहिला आराखडा १९८९ साली तयार झाला. आज वापरात असलेली चौथी आवृत्ती १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाली.

बीजीपी केवळ मार्ग कळवते. कोणता मार्ग कोणाला कळवायचा हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि त्याचा एक संकेत जगभर पाळला जातो : ग्राहकाचे मार्ग सर्वांना कळवावेत, पीअरकडून वा ट्रान्झिट विक्रेत्याकडून मिळालेले मार्ग मात्र फक्त आपल्या ग्राहकांनाच कळवावेत. कारण उघड आहे. दोन परक्यांची रहदारी आपल्या खर्चाने आणि कोणाकडूनही पैसे न मिळता वाहून नेण्यास कोणी तयार होत नाही. ‘क’चे ‘ख’शी व ‘ग’शी पीअरिंग असले, तरी ‘ख’ला ‘क’मार्गे ‘ग’पर्यंत जाता येत नाही. हा संकेत लक्षात घेतल्याशिवाय पुढे वर्णिलेल्या वादांचा उलगडा होत नाही.

ज्या जाळ्यांना कोणाकडूनही ट्रान्झिट विकत घ्यावे लागत नाही व केवळ पीअरिंगच्या बळावर जी सर्वत्र पोहोचतात, त्यांना पहिल्या श्रेणीची जाळी म्हणतात. ल्युमेन, अरेलियन, एनटीटी यांच्यासोबत मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कम्युनिकेशन्सची (पूर्वाश्रमीची विदेश संचार निगम) गणना सामान्यतः या गटात होते.

इतिहास

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एनएसएफनेट हे सरकारी अनुदानावर चालणारे जाळे आंतरजालाचा कणा होते आणि त्यावर व्यापारी रहदारीस मज्जाव होता. त्यामुळे पीएसआयनेट, यूयूनेट व सर्फनेट या तीन जाळ्यांनी १९९१ साली कमर्शियल इंटरनेट एक्स्चेंज स्थापन केले आणि परस्परांची रहदारी हिशेब न ठेवता स्वीकारण्याचे ठरवले. दूरध्वनी कंपन्यांमध्ये प्रत्येक मिनिटाचा हिशेब करण्याची परंपरा होती, म्हणून हा निर्णय वेगळा ठरतो. ३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटची कणा-सेवा बंद झाली, तेव्हा तिची जागा घेण्यास खासगी जाळी व त्यांची संगमस्थळे सज्ज होती. युरोपात लंडनचे लिंक्स (१९९४) व फ्रँकफुर्टचे डे-सिक्स (१९९५) ही केंद्रे याच सुमारास मूठभर पुरवठादारांनी एकत्र येऊन उभारली.

कराराचे स्वरूप

एवढा मोठा व्यवहार जवळजवळ सर्वस्वी विश्वासावर चालतो. पॅकेट क्लिअरिंग हाऊस या संस्थेने २०११ साली ९६ देशांतील ४,३३१ जाळ्यांच्या १,४२,२१० पीअरिंग जोडण्यांची माहिती गोळा केली. त्यांपैकी केवळ ६९८ जोडण्यांना, म्हणजे सुमारे अर्ध्या टक्क्याला, लेखी करार होता. २०१६ च्या पाहणीत १९ लाखांहून अधिक जोडण्यांची नोंद झाली आणि लेखी करार नसलेल्यांचे प्रमाण ९९.९३ टक्के निघाले. बाकी सारे तोंडी बोलणे, ईमेल किंवा अभियंत्यांच्या संमेलनातील हस्तांदोलन.

कागद नसल्याने कोणतीही बाजू जोडणी केव्हाही तोडू शकते. व्यवहारात तसे क्वचितच घडते, कारण तोडणाऱ्याचे ग्राहकही तितकेच अडतात.

पीअरिंगविषयीचे धोरण मात्र पुष्कळ जाळी जाहीर करतात. काही कोणाशीही जोडणी करतात, काही अटी घालतात, तर काही नव्या पीअरला जवळपास दारच बंद ठेवतात. अटींमध्ये किमान रहदारी, अनेक शहरांत जोडणीची तयारी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या रहदारीचे प्रमाण, उदाहरणार्थ जास्तीत जास्त दोनास एक, यांचा समावेश असतो. प्रमाणाची अट सर्वाधिक वादग्रस्त ठरली आहे. घरगुती ग्राहक असलेले जाळे स्वभावतःच जास्त घेते व कमी पाठवते. चित्रफिती पुरवणारे जाळे नेमके उलट असते. त्यामुळे प्रमाण बिघडले म्हणजे कोणी फुकट फायदा उपटला, असे म्हणता येत नाही.

वाद

५ ऑक्टोबर २००५ रोजी लेव्हल ३ या अमेरिकी कंपनीने कोजंटशी असलेले पीअरिंग तोडले. रहदारीतील वाटा समान राहिला नसून कोजंटने पैसे द्यावेत, असे लेव्हल ३चे म्हणणे होते. दोन्ही कंपन्यांची इतर अनेक जाळ्यांशी जोडणी होती. परंतु परस्परांपर्यंत पोहोचण्यासाठी दोघांपैकी कोणीही ट्रान्झिट घेत नव्हते आणि वर सांगितलेल्या संकेतानुसार कोणताही पीअर मध्यस्थ होणार नव्हता. परिणामी केवळ एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या ग्राहकांना दुसरीच्या ग्राहकांची संकेतस्थळे दिसेनाशी झाली. कोजंटने लेव्हल ३च्या अशा ग्राहकांना वर्षभर मोफत सेवा देऊ केली. दोन दिवसांनी जोडणी तात्पुरती पूर्ववत झाली व महिनाअखेरीस समझोता झाला.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत हरिकेन इलेक्ट्रिक व कोजंट यांच्यात असाच दुरावा अनेक वर्षे राहिला. २००९ साली हरिकेन इलेक्ट्रिकने उत्तर अमेरिकी जाळेचालकांच्या बैठकीत पीअरिंगची विनंती लिहिलेला केक कोजंटसाठी आणला होता. केक खाल्ला गेला, जोडणी झाली नाही.

पुढील वादांत एक पक्ष जाळेवाहक व दुसरा मजकूर पुरवठादार असे चित्र दिसते. नेटफ्लिक्सच्या चित्रफिती कॉमकास्टच्या ग्राहकांपर्यंत ज्या जोडण्यांवरून जात, त्या तुडुंब भरल्या आणि चित्रफिती अडखळू लागल्या. क्षमता कोणाच्या खर्चाने वाढवावी यावर एकमत होईना. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने पैसे देऊन थेट जोडणी घेतली. जोडणी तोडायची गरजच उरत नाही, ती भरू दिली तरी तोच दबाव निर्माण होतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

दक्षिण कोरियाने २०१६ पासून प्रमुख पुरवठादारांमध्ये रहदारी पाठवणाऱ्याने पैसे द्यावेत असा नियम लागू केला. त्यामुळे लोकप्रिय मजकूर स्वतःच्या जाळ्यात ठेवणे पुरवठादाराला महाग पडू लागले. एसके ब्रॉडबँड व नेटफ्लिक्स यांच्यातील न्यायालयीन वाद सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. ट्विचने मात्र २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील सेवा बंद केली; इतर बहुतेक देशांच्या तुलनेत जाळे-शुल्क दहापट असल्याचे कारण कंपनीने दिले होते.

भारतातील स्थिती

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक आंतरजाल सेवा सुरू केली आणि १९९८ साली खासगी पुरवठादारांना परवानगी मिळाली. त्यांची जाळी देशात एकमेकांना पुरेशी जोडलेली नव्हती. त्यामुळे एका भारतीय ग्राहकाचा ईमेल दुसऱ्या पुरवठादाराच्या ग्राहकाकडे अनेकदा अमेरिकेत जाऊन परत येई. मुंबई ते न्यू यॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किमी आहे आणि प्रकाशीय तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. म्हणजे पुण्याहून नाशिकला न्यू यॉर्कमार्गे पाठवलेला संदेश व त्याचे उत्तर यांत किमान पाव सेकंद केवळ प्रवासात जातो. शिवाय समुद्राखालच्या महागड्या केबलचे भाडे परकी चलनात, तेही देशांतर्गत रहदारीसाठी, भरावे लागे.

हे टाळण्यासाठी २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) ही ना-नफा संस्था स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे तिची सुरुवातीची केंद्रे होती. निक्सीने जगातील प्रचलित पद्धतीहून वेगळा नियम स्वीकारला : जो सभासद जितकी रहदारी पाठवतो त्याहून जास्त घेतो, त्याने फरकाचे पैसे द्यायचे. घरगुती ग्राहक असलेल्या लहान पुरवठादारांवर याचा भार पडणे अपरिहार्य होते. पुढे ही आकारणी मोडीत काढण्यात आली.

दरम्यान मुंबईत डे-सिक्स मुंबई व एक्स्ट्रीम आयएक्स यांसारखी केवळ पोर्टचे भाडे घेणारी खासगी केंद्रे वाढली. समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः वर्सोव्याला, येतात आणि मोठी डेटा सेंटर शहराच्या आसपास आहेत. साहजिकच मजकूर पुरवणाऱ्या कंपन्याही पीअरिंगसाठी प्रथम मुंबईत येतात. मोठ्या चित्रफीत-सेवा आपले साठवण-सर्व्हर थेट पुरवठादारांच्या जाळ्यातही बसवतात, त्यामुळे बरीच रहदारी कोणत्याही केंद्रापर्यंत येतच नाही.

सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने मोठ्या मजकूर कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा अशी मागणी केली आहे. ग्राहक त्याच रहदारीचे पैसे आधीच भरत असतो, असा विरोधकांचा आक्षेप आहे.