येहेन गांवचा इंग्रज

इंग्रज म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राज्यकर्त्याची मूर्ति उभी राहते. दीडशें वर्षें आपण त्याला कलेक्टर, कर्नल, मिशनरी, फार तर कापसाचा व्यापारी अशाच वेषांत पाहिला. त्याचें बिऱ्हाड छावणींत, त्याची संध्याकाळ जिमखान्यांत आणि त्याचा उन्हाळा महाबळेश्वरीं. त्यामुळें हा मनुष्य परदेशांत राहतो तो असाच राहतो, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु ज्या देशांत त्याच्या पाठीशीं सत्ता नव्हती तेथें घर करून राहतांना तो कसा वागला, शेजाऱ्याशीं कोणत्या भाषेंत बोलला, काय खाल्लें, आणि मेल्यावर त्याला माती कोठें मिळाली, हे प्रश्नहि इतिहासाचेच आहेत. त्यांचीं उत्तरें शोधावयास स्पेन देश फार सोयीचा. १७०४ सालापासून इंग्रजांच्या ताब्यांत असलेला जिब्राल्टरचा खडक सोडला, तर त्या देशांत त्यांचें राज्य नव्हतें; होता तो त्यांचा पैसा, त्यांचा क्षयरोग, आणि उन्हाची त्यांची अनावर ओढ.

मातीपासूनच आरंभ करूं. मालागा हें स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मनुकांचें आणि मद्याचें बंदर. तेथें इंग्रज व्यापाऱ्यांची वस्ती जुनी. परंतु त्यांपैकीं कोणी प्रॉटेस्टंट वारला तर कॅथलिक दफनभूमींत त्याला जागा नसे. रात्रीं, मशालीच्या उजेडांत, समुद्रकांठच्या वाळूंत त्याला पुरीत, आणि उरलेलें काम लाटा व कुत्रीं करीत. विल्यम मार्क नांवाच्या ब्रिटिश कॉन्सलानें चिकाटीनें खटपट करून जागा मिळविली, आणि १८३१ मध्यें तेथें इंग्रजी दफनभूमि सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, राजाच्या अनियंत्रित सत्तेविरुद्ध उठलेल्या जनरल तोरिहोसबरोबर रॉबर्ट बॉइड हा तरुण मालाग्याच्या किनाऱ्यावर गोळ्यांनीं मारला गेला. एके काळीं हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंत होता. त्याची कबर तेथेंच आहे. पुढें मालाग्याची हवा छातीच्या विकारांवर गुणकारी असा बोलबाला झाला, आणि दर हिंवाळ्यास इंग्रज रोगी तेथें येऊं लागले. त्यांच्या दृष्टीनें वसंत म्हणजे परतीची वेळ. ज्यांना परततां येत नसे तीं माणसें टेकडीवरील त्या बागेंत कायमचीं राहत.

व्यापारी आणि रोगी हे पाहुणेच. ज्यांनीं मुक्काम ठोकला त्यांचा एक नमुना वेल्वा प्रांतांतील रिओ तिंतोच्या खाणींवर दिसतो. १८७३ मध्यें एका ब्रिटिश कंपनीनें तांब्याच्या या प्राचीन खाणी स्पॅनिश सरकारकडून विकत घेतल्या, आणि आपल्या अधिकाऱ्यांसाठीं बेया व्हिस्ता, म्हणजे ‘सुंदर देखावा’, या नांवाची वसाहत बांधली. तिला भिंत होती, पहारा होता. आंत उतरत्या छपरांचीं विलायती घरें, क्लब, टेनिसचें मैदान व प्रेसबिटेरियन चर्च. ज्या इंग्रज तरुणानें स्पॅनिश मुलीशीं लग्न केलें त्याला या भिंतीबाहेर बिऱ्हाड करावें लागे. आपल्याकडील छावणी ज्यांनीं पाहिली त्यांना हें चित्र नवें वाटणार नाहीं. आश्चर्य एवढेंच कीं, राज्य नसतांनाहि छावणी झाली. खनिज उघड्यावर भाजल्यानें उठणारा गंधकाचा धूर भोंवतालचीं पिकें जाळीत असे. ४ फेब्रुवारी १८८८ रोजीं मजूर व शेतकरी एकत्र गाऱ्हाणें घेऊन आले, तेव्हां स्पॅनिश शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आंकडा तेरा मृतांचा. लोकांच्या आठवणींतला त्याच्या कितीतरी पट. सुंदर देखाव्याचें नांव धारण करणाऱ्या त्या वसाहतीला हा देखावा किती दिसला असेल, हें वाचकांनींच ठरवावें.

या पार्श्वभूमीवर जेरल्ड ब्रेनन या मनुष्याचा वृत्तान्त वाचण्यासारखा आहे. याचा जन्म १८९४ मधला, माल्टा बेटावरचा. बाप लष्करी अधिकारी असल्यानें बालपणाचा कांहीं भाग दक्षिण आफ्रिकेंत व हिंदुस्थानांत गेला. म्हणजे भिंतीच्या आंतलें आयुष्य त्यानें लहानपणींच पाहिलें होतें, आणि तें त्याला मानवलें नाहीं असें दिसतें. १९१२ मध्यें, अठराव्या वर्षीं, एका मित्राबरोबर तो घरून पळाला तो पायीं चीनला जाण्याकरितां! बोस्नियापर्यंत पोंचल्यावर थंडी आणि रिकामा खिसा यांनीं त्याला परत फिरविलें. मग महायुद्ध झालें, त्यांत पदकें मिळालीं, आणि युद्ध संपतांच हातीं आलेल्या थोड्याशा रकमेवर पुष्कळ वर्षें वाचन करीत कोठें राहतां येईल याचा तो विचार करूं लागला. विश्वविद्यालयाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. ती उणीव एकांतांत भरून काढावी अशी इच्छा. हिशेबानें स्पेन स्वस्त. १९१९ च्या शरदांत तो तेथें उतरला, डोंगर पायांखालीं घातले, आणि १९२० च्या जानेवारींत सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतरणीवर, आल्पुहारा नांवाच्या मुलखांत, येहेन या खेड्यांत त्यानें घर भाड्यानें घेतलें. बरोबर सुमारें २००० ग्रंथ होते.

येहेन समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. घरें दगडमातीचीं, धाब्याचीं, एकाच्या धाब्यावरून दुसऱ्याच्या अंगणांत डोकावणारीं. हा मूर लोकांचा वारसा. १५६८ मध्यें तेथील बाटविलेल्या मुसलमानांनीं फिलिप राजाविरुद्ध बंड केलें. तें मोडल्यावर त्यांना त्या मुलखांतून घालवून देण्यांत आलें, आणि उत्तरेकडून ख्रिस्ती कुळें आणून वसविलीं. माणसें गेलीं, पण पाट राहिले. ‘आसेकिया’ हा पाटाचा स्पॅनिश शब्द मूळ अरबी. गझलेंतल्या ‘साकी’चा तो सख्खा भाऊ, कारण दोघांचेंहि काम पाजण्याचें. बर्फाचें पाणी डोंगराच्या कुशीकुशीनें वळवून गांवच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वावरांवर सोडावयाचें, आणि प्रत्येकाची पाळी घटकेघटकेनें ठरवावयाची, ही व्यवस्था नव्या रहिवाशांनीं जशीच्या तशी उचलली.

वसंताचा खरा अर्थ तेथें या पाण्यांत आहे. आपल्याकडे चैत्र लागला कीं विहिरी तळाला जातात. येहेनला त्याच सुमारास बर्फ वितळून पाण्याला भरती येते. बदाम फेब्रुवारींतच फुलून गेलेला असतो. मग अंजिराला व तुतीला पालवी फुटते, गव्हांत लाल खसखशीचीं फुलें उभीं राहतात, आणि गल्लीबोळांतून रात्रंदिवस पाण्याचा आवाज ऐकूं येतो. हिंवाळाभर गोल टेबलाखालीं निखाऱ्यांचें पात्र ठेवून, गुडघ्यांवर जाड आच्छादन ओढून वाचीत बसलेला ब्रेनन या दिवसांत बाहेर पडे. दिवसचे दिवस तो चालत असे. सामान आणावयास समुद्रकांठच्या आल्मेरिया शहरापर्यंत पायीं जाण्याचेंहि त्याला कांहीं वाटत नसे. चुलीला जळण म्हणून डोंगरावरून रोझमेरीचीं व लव्हेंडरचीं झुडपें गाढवांवर लादून येत, तेव्हां सारें घर सुगंधित होई. सायंकाळीं शेजारीपाजारी येत, कोणी गिटार आणी, नाच होई. गांवांत भांडणें, मंत्रतंत्र, भाऊबंदकी, वशिला हें सर्व होतें, आणि तो तें सर्व ऐकून घेई. शहाणपण सांगण्याचा आव त्यानें फारसा आणला नाहीं, हा त्याचा मोठा गुण.

त्याचे मित्र मात्र निराळे. पहिल्याच वसंतांत, १९२० मध्यें, प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रॅची हा डोरा कॅरिंग्टन ही चित्रकर्ती व राल्फ पार्ट्रिज यांच्यासह भेटीस आला. ग्रानाडाहून पुढची वाट खेचरांवरून. लांबलचक दाढीचा, नाजुक प्रकृतीचा हा ग्रंथकार खोगिरावर धड बसूं शकेना. ऑलिव्ह तेलांतलें जेवण त्याच्या पोटाला सोसेना. परत गेल्यावर त्यानें मित्रांना असल्या प्रवासाच्या वाटेला जाऊं नका असें निक्षून बजावलें. तथापि १९२३ च्या वसंतांत लेनर्ड व व्हर्जिनिया वुल्फ हें दांपत्य आलेंच. वाटेंत ग्रानाडास त्यांचा मुक्काम उत्तर नायजेरियाचा एक निवृत्त लेफ्टनंट-गव्हर्नर होता त्याच्या घरीं. लेनर्ड स्वतः सिंहलद्वीपांत सात वर्षें सरकारी अधिकारी होता. साम्राज्य असें पेन्शन घेऊन ग्रानाडाच्या उन्हांत बसलेलें पाहून मौज वाटते. येहेनला मात्र वुल्फबाईंना आनंद झाला. त्या डोंगरांतून हिंडल्या, रात्रीं यजमानाशीं साहित्याचा वाद घालीत बसल्या, आणि इंग्लंडांत परतल्यावर त्यांनीं या प्रवासावर एक निबंधहि लिहिला. ज्याच्या अंगीं खेचरावर बसण्याची तयारी त्याला स्पेन दिसला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथवरची हकीकत वाचून ब्रेननचें जीवन म्हणजे एक काव्यच असें वाटेल; त्याच्या १९५७ सालच्या ‘साउथ फ्रॉम ग्रानाडा’ या अत्यंत रमणीय ग्रंथानें ती समजूत दृढ केली आहे. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. जें गांव त्याला स्वस्त होतें तें स्वस्त कां होतें? मजुराला मोल नव्हतें म्हणून. आंदालुसियाच्या खालच्या सपाटीवर हजारों भूमिहीन मजूर ऑलिव्हचा तोडा संपल्यापासून गव्हाची कापणी लागेपर्यंत चौकांत हात बांधून उभे असत. तेथें वसंत हा उपासाचा काळ. डोंगरांतल्या येहेनला प्रत्येकाकडे थोडी जमीन असल्यानें एवढी अवदसा नव्हती, तथापि परक्या पौंडाचा मान तेथेंहि चाले. १९२९ मध्यें, मध्यंतरीं कांहीं वर्षें इंग्लंडांत काढून तो परत आला, तेव्हां गांवची एक किशोरवयीन मुलगी त्याच्या घरीं कामाला होती. तिला १९३१ मध्यें त्याच्यापासून मुलगी झाली. त्या वेळेपर्यंत त्यानें गॅमेल वूल्सी या अमेरिकन कवयित्रीशीं संसार मांडला होता. मुलीला त्यानें स्वीकारलें, ही गोष्ट त्याच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. पण स्वीकारलें म्हणजे आईपासून घेतलें, नवें नांव दिलें, आणि इंग्लंडांत वाढविलें. आईच्या वांट्याला दुरावा आला. कंपनी सरकारच्या अमदानींत इकडील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ‘बिबी’ आणि विलायतेस पाठविलेलीं त्यांचीं मुलें यांच्या कहाण्या ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांना येथें अंतर फारसें दिसणार नाहीं. भिंत न बांधतांहि भिंत असूं शकते. गांवच्या लग्नकार्यांची, सणवारांची, पाण्याच्या पाळ्यांची इतकी बारीक नोंद घेणाऱ्या त्या ग्रंथांत या जन्माची नोंद नाहीं.

असें असूनहि त्याला बेया व्हिस्ताच्या रहिवाशांच्या रांगेंत बसविणें अन्यायाचें होईल; आणि त्याचें कारण पुढें घडलेलें आहे. १९३५ मध्यें त्यानें मालाग्याजवळ चुरियाना येथें बागेसह एक मोठें घर घेतलें. १९३६ चा वसंत त्यानें तेथें पाहिला, आणि तो वसंत साधा नव्हता. फेब्रुवारीच्या निवडणुकींत डाव्या पक्षांची आघाडी विजयी झाली. २५ मार्च रोजीं बादाहोस प्रांतांत हजारों भूमिहीन शेतकरी अवजारें घेऊन जमीनदारांच्या रानांत शिरले, आणि त्यांनीं जागा आंखून घेतल्या. चार महिन्यांनीं लष्करानें उठाव केला, यादवी पेटली, मालाग्यांत वाडे जळूं लागले. ब्रेननची सहानुभूति प्रजासत्ताकाकडे. तरीहि उजव्या पक्षाच्या एका शेजाऱ्याला, जीव धोक्यांत घालून, त्यानें आपल्या घरांत लपविलें. त्या दिवसांचें वर्णन गॅमेलबाईंनीं १९३९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत आहे, आणि तें पतीच्या लेखनाहून अधिक शांत व अधिक भेदक आहे असें आमचें मत आहे.

त्या शरदांत दोघें इंग्लंडला परतलीं. मग ब्रेननला एका प्रश्नानें घेरलें: ज्या लोकांच्या चुलीशीं आपण बसलों, जे आपल्याला भाकर पुढें केल्याशिवाय जेवत नसत, त्यांनीं एकमेकांचे गळे कां कापले? त्यानें जमीनधाऱ्याचे कागद, मजुरीचे दर, चर्चचा इतिहास, अराजकवाद्यांच्या चळवळी यांचा कित्येक वर्षें अभ्यास केला, आणि १९४३ मध्यें ‘द स्पॅनिश लॅबिरिंथ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्पॅनिश माणसाची पहिली निष्ठा आपल्या गांवाशीं, राष्ट्र त्याच्यामागून येतें, हें त्यांतलें सूत्र. आणि तें त्यानें ग्रंथालयांत नव्हे, येहेनच्या पाटावर शिकलें. जनरल फ्रँकोच्या राजवटीनें या ग्रंथाला देशांत येऊं दिलें नाहीं. त्याचें स्पॅनिश भाषांतर १९६२ मध्यें पॅरिसला छापावें लागलें, आणि तें चोरून सीमेपलीकडे जात राहिलें. परक्यानें लिहिलेला आपल्या देशाचा इतिहास लोकांनीं असा लपवून वाचावा, हा मान फार थोड्या परक्यांना मिळाला असेल.

१९५३ मध्यें तीं दोघें चुरियानाच्या घरीं परत येऊन राहिलीं. १९६८ मध्यें गॅमेलबाई वारल्या व मार्कसाहेबांच्या त्या जुन्या दफनभूमींत विसावल्या. १९८४ मध्यें, नव्वदीच्या ब्रेननला लंडनजवळच्या एका वृद्धाश्रमांत नेण्यांत आलें. ही बातमी स्पेनमध्यें पसरतांच वर्तमानपत्रांत गहजब झाला. आमचा माणूस आम्हांला परत द्या, अशी मागणी उठली, आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांनीं त्याच्या शुश्रूषेची हमी घेऊन त्याला परत आणलें. १९ जानेवारी १९८७ रोजीं तो मालागा प्रांतांत वारला. देह त्यानें तेथील वैद्यकीय विद्यालयाला देऊन टाकला होता. त्यामुळें त्याला माती मिळावयास आणखी चौदा वर्षें लागलीं. २००१ मध्यें त्याची रक्षा इंग्रजी दफनभूमींत, पत्नीच्या थडग्याशेजारीं ठेवण्यांत आली.