लबलबा आजारी, दुखतात पाय

उर्दूत ज्याला लबलबा म्हणतात, तेच मराठीतले स्वादुपिंड. जठराच्या मागे दडलेला हा अवयव हाताला लागत नाही. म्हणून त्याच्या आजाराची खबर कधी कधी भलत्याच जागेवरून येते.

मराठवाडा 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे युनानी हिकमत आपल्याला परकी नाही. हकीम नब्ज पाहत, कारूरा म्हणजे लघवी तपासत, डोळ्यांच्या पिवळेपणावरून यरकान म्हणजे कावीळ ओळखत. बाहेरच्या खुणेवरून आतला आजार ओळखण्याची ही रीत इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्येही आहे. पण लबलब्याचे काम त्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

1642मध्ये इटलीतील पादुआ इथे विर्सुंग यांनी स्वादुपिंडाची नळी दाखवली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी सिद्ध केले, की त्या नळीतला रस चरबी पचवतो. पुढे 1883मध्ये हान्स कियारी यांनी स्वादुपिंडाच्या आजारात त्वचेखालची चरबीही नष्ट होते, अशी नोंद केली.

यामागचे कारण असे: आतड्यात जायचे लायपेज हे पाचक द्रव्य रक्तात उतरते आणि शरीराचीच चरबी विरघळवू लागते. पायांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. काही फुटून तेलकट द्रव वाहतो. सांध्यालगतच्या चरबीचे तसेच झाले की घोटे, गुडघे सुजतात. पोट मात्र थोडेच दुखते, किंवा दुखतही नाही.

अहमदपूरसारख्या गावात गुडघा सुजला की ‘वात’ म्हणायचे आणि मेडिकलमधून गोळी आणायची, हे नेहमीचे. अशा गाठी क्षयात आणि कुष्ठरोगातही येतात, त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जाणे साहजिक आहे. स्वादुपिंडामुळे त्या क्वचितच येतात. पण गाठी आणि सांधेदुखी एकदम आली, औषधाने हटेना, वजन उतरू लागले, तर लातूर-नांदेडला मोठ्या डॉक्टरांना दाखवावे आणि रक्तातले लायपेज तपासायचे का, हे विचारावे. कधी कधी मुळाशी स्वादुपिंडाचा कर्करोगही असतो.

आणखी एक गोष्ट. स्वादुपिंडाला सूज येण्याची दोन मोठी कारणे म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. दारू हराम, म्हणून आपल्यातला पिणारा माणूस ती डॉक्टरांपासूनही लपवतो. घरचेही गप्प बसतात. उलट, कधी थेंबही न घेतलेल्या बाईला खड्यांमुळे हा आजार झाला, तर लोक संशयाने पाहतात. दोन्ही चूक. डॉक्टर म्हणजे काझी नव्हे. त्यांना खरे सांगितले, तरच पायावरच्या गाठीचा पोटाशी असलेला संबंध त्यांना वेळेत जोडता येईल.