मिठाला तोंड देणारा भात

मालवणजवळ खाडीच्या काठी उभे राहिले, की एका बाजूला भरतीचे खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला, मातीच्या बंधाऱ्याआड, भाताचे शेत असे दृश्य पाहायला मिळते. या जमिनीला खारजमीन म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. इतक्या मिठाच्या शेजारी भात कसा पिकतो?

मीठ पिकाला दोन प्रकारे बाधते. एक तर मुळांना पाणी शोषणे जड जाते. दुसरे म्हणजे सोडियम पानांत साठतो आणि पेशीतील पोटॅशियमच्या कामात अडथळा आणतो. भात याबाबतीत गव्हापेक्षाही नाजूक आहे. जमिनीतील क्षारता डेसिसायमेन प्रति मीटर या एककात मोजतात. ती 6 च्या पुढे गेली की गव्हाचे उत्पादन घटू लागते; भाताचे मात्र 3 च्या पुढेच घटते. तरीही खारजमिनीत भातच घेतात, कारण कोकणातला पाऊस वरच्या थरातले मीठ धुऊन काढतो, ते पाणी ओहोटीच्या वेळी बंधाऱ्यातील उघाडीतून बाहेर जाते, आणि साचलेल्या पाण्यात भातच तग धरतो. पण पावसाने ओढ दिली किंवा बंधारा फुटला तर? तेव्हा वाणाची परीक्षा होते.

ही परीक्षा शेकडो वर्षे चालू होती. मिठाने कमकुवत रोपे मेली, उरलेल्यांचे बी शेतकऱ्याने पुढच्या वर्षासाठी ठेवले. अशा निवडीतून उत्तर कोकणात 'रता', गोव्यात 'कोरगुट', केरळात 'पोक्कळी' आणि बंगालमध्ये 'नोना बोकरा' हे वाण टिकले. त्यांत उणिवाही होत्या. यातील बरेच वाण उंच वाढून लोळतात आणि उत्पादन कमी देतात.

सरकारी पातळीवर खारजमिनींची दखल 1948 च्या मुंबई खारजमीन कायद्याने घेतली गेली. बियाण्याचे काम पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात झाले. तेथे स्थानिक रता भातातून 'भुरा रता 4-10' हा वाण निवडण्यात आला. पुढे त्याचा बुटक्या 'आयआर 8' शी संकर करून 1980 च्या दशकात 'पनवेल 1' तयार झाला. सहनशीलता जुन्या वाणाकडून आणि उत्पादन नव्याकडून घ्यायचे, असा हा विचार होता. गोव्यातही कोरगुटमधूनच निवड करून सुधारित वाण काढण्यात आले.

या वाणांत नेमके असते काय? याचे एक स्पष्ट उत्तर 2005 साली मिळाले. चिनी संशोधकांनी नोना बोकराच्या पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक ओळखले. त्यापासून बनणारे प्रथिन मुळातून वर चढणाऱ्या रसातील सोडियम वाटेतच काढून घेते, त्यामुळे पानांपर्यंत तो कमी पोहोचतो. जणू बंधाऱ्याची उघाडी रोपाच्या आतच बसवलेली!

याच घराण्यातील जनुक गव्हातही आहे. चपातीच्या गव्हाला ते 'डी' या गुणसूत्रसंचातून मिळाले आहे. आपल्याकडे 'बन्सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कठीण गव्हात हा संच नसतो, म्हणून तो मिठाला लवकर बळी पडतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एका प्राचीन गव्हातील असे जनुक नेहमीच्या संकरपद्धतीने कठीण गव्हात आणले. खारट शेतात त्या गव्हाचे उत्पादन 25 टक्क्यांपर्यंत अधिक आले, असे त्यांनी 2012 साली प्रसिद्ध केले.

मात्र एका जनुकाने सगळे काम होत नाही. पानात शिरलेले मीठ पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवणे, फुलोऱ्याच्या वेळी तग धरणे, ही कामे इतर जनुके करतात. म्हणून एकच उत्तम वाण जपून भागत नाही, अनेक जपावे लागतात.

इथेच आपल्या किनाऱ्याचा प्रश्न येतो. बंधारा फुटला आणि दुरुस्त झाला नाही, की शेत पडीक राहते. शेत पडीक राहिले की बी पेरले जात नाही. दमट हवेत कणगीतले बी थोड्याच वर्षांत उगवणशक्ती गमावते. बंधारा पुन्हा बांधता येतो, पण गेलेला वाण परत आणता येत नाही. समुद्राची पातळी वाढत असताना तर या वाणांची गरज वाढतच जाणार आहे.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एक लिटर पाण्यात 0, 3, 6 आणि 10 ग्रॅम मीठ विरघळवून चार द्रावणे करावीत. ओल्या कापडावर भाताच्या दोन वाणांचे प्रत्येकी वीस दाणे प्रत्येक द्रावणात रुजत घालावेत आणि आठवडाभर मोड मोजावेत. त्यातला एक वाण गावातल्या खारातला असावा. तो मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना घरातल्या आजी-आजोबांना विचारावे लागेल: "आपल्या खारात पूर्वी कोणतं भात पेरायचे? त्याचं बी कुणाकडे आहे का?" मिळालेली नावे वहीत लिहून ठेवावीत, आणि बी मिळाले तर शाळेच्या वाफ्यात दर वर्षी पेरावे.